गुरुवारची उलटतपासणी

भामाबाई नळदुर्गकर नामपल्लीच्या कोर्टात एकतीस वर्षं स्टेनो होत्या. साक्षीदार तेलुगूत नाही तर दखनीत बोलायचा, जज्जसाहेब त्याचं इंग्रजी करून सांगायचे आणि भामाबाईंची पेन्सिल वहीवर पळायची. म्हणजे प्रत्येक साक्ष त्यांच्या कानावरून दोनदा जायची. एवढ्या वर्षांत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. खरं बोलणारा माणूस अडखळतो, मध्येच गप्प होतो, 'नाही बा आठवत' म्हणतो. खोटं बोलणाऱ्याला मात्र खुंटीवरच्या शर्टाचा रंगसुद्धा आठवतो.

२०१० साली अशीच एक साक्ष त्यांच्या नवऱ्याविरुद्ध झाली. कोर्टात नव्हे, शाळेच्या चौकशी समितीपुढे. मधुकर नळदुर्गकर काचीगुड्याजवळच्या एका मराठी शाळेत गणित शिकवायचे. उंच, हडकुळे, बोलायला कमी. मुलांना कधी मारलं नाही, पण चुकलेलं गणित तीनदा सोडवून घेतल्याशिवाय घरी सोडलं नाही. त्या वर्षी दहावीच्या प्री-फायनलचा गणिताचा पेपर आदल्या दिवशीच फुटला. तोच पेपर शहरातल्या पंधरा-वीस शाळांना होता, त्यामुळे बोभाटा झाला, वर्तमानपत्रात बातमी आली. शाळेला कुणाला तरी पुढे करायचं होतं. तेव्हा विज्ञानाचे शिक्षक शशिकांत गुंजोटीकर समितीपुढे जाऊन सांगून आले, की मंगळवारी संध्याकाळी सव्वासहाला मी मधुकररावांना ऑफिसच्या खोलीत पाहिलं. कपाट उघडं होतं. पाकीट त्यांच्या हातात होतं, लाखेचं सील अर्धं निघालेलं. अंगात निळा स्वेटर होता.

निळा स्वेटर त्या दिवशी गच्चीवरच्या दोरीवर वाळत होता. भामाबाईंनी स्वतः धुतला होता. त्यांनी तसं समितीला लिहून कळवलं. बायकोच्या चिठ्ठीला कोण विचारतो? मधुकरराव निलंबित झाले आणि चौकशीला तारखांवर तारखा पडत गेल्या. शशिकांत गुंजोटीकर पुढच्या जूनमध्ये हेडमास्तर झाले.

मधुकररावांनी आरडाओरडा केला नाही. ते फक्त कमी कमी होत गेले. भाजीला पाठवलं तर रिकामी पिशवी घेऊन परत यायचे, कारण वाटेत एखादा विद्यार्थी दिसलेला असायचा. रात्ररात्र छताकडे बघत पडायचे. डिसेंबर २०१२ मध्ये एका सकाळी दाढी करता करता खुर्चीत बसले आणि उठले नाहीत. एका गालावर साबणाचा फेस तसाच होता. मुलगा वरुण तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. तेरावा झाल्यावर शाळेचं पत्र आलं. संबंधित व्यक्ती मयत असल्याने चौकशी बंद करण्यात येत आहे. दोषी नाही, निर्दोषही नाही. बंद.

भेटायला आलेला प्रत्येक जण सांगून गेला, देवाचं करत जा, मनाला शांती मिळेल. भामाबाई देवाचं करायला लागल्या. पण शांतीसाठी नाही. नळदुर्गकरांचं कुलदैवत नरसिंह. खांब फोडून बाहेर आलेला, नखांचा देव. भामाबाई रोज सकाळी अंघोळ करून त्याच्यापुढे दिवा लावायच्या, गुळाचा खडा ठेवायच्या आणि एकच वाक्य म्हणायच्या, "त्या माणसाचं पोट फाड." मग चहा घ्यायच्या, डबा भरायच्या आणि बसने कोर्टात जायच्या. अकरा वर्षं एक दिवस चुकला नाही. तापात अंथरुणाला खिळल्या तेव्हासुद्धा भिंतीला धरून उठल्या आणि ते वाक्य म्हणून परत पडल्या. कोर्टातल्या बायका म्हणायच्या, भामा मॅडमची भक्ती मोठी. भामाबाई त्यांना काही सांगत नसत.

हे वाक्य पहिल्यांदा कळलं ते सुनेला. अश्विनी पुण्याची. कुकटपल्लीला आयटीतल्या लोकांसाठी समुपदेशनाचं केंद्र चालवायची. एका रविवारी सासूबाई तिच्याकडे जेवायला गेल्या असताना तिने सहज विचारलं, "आई, तुम्ही रोज एवढा वेळ पूजा करता, मागता काय?"

भामाबाईंनी सांगून टाकलं.

वरुणचा घास हातातच राहिला. अश्विनी मात्र गडबडली नाही. असलं ऐकायची तिला सवय होती. ती म्हणाली, "आई, राग येऊ देऊ नका, पण माझ्याकडे येणाऱ्यांत मी हे रोज बघते. श्रद्धा हा मनाचा आधार असतो. कुणी दुःख पेलायला देवाचा हात धरतो, कुणी राग पेलायला. तुम्हाला त्या वाक्यानं उभं ठेवलं. त्यात वाईट काही नाही, पण कधीतरी काठी खाली ठेवावी लागते."

"मला काठी नकोय," भामाबाई म्हणाल्या. "मला निकाल हवाय. आधारच हवा असता तर तुझ्यासारख्या कुणाकडे गेले असते. निकाल तुम्ही देता का?"

"नाही देत."

"म्हणून देवाकडे जाते."

विषय तिथेच थांबला. भामाबाईंनी ताटातली आमटी संपवली आणि मेट्रोने घरी आल्या.

हे सगळं असंच चाललं असतं. पण २०२३ च्या श्रावणात गंगू एक बातमी घेऊन आली. गंगू भामाबाईंच्या घरी भांडी घासायची आणि गल्लीच्या टोकाच्या दत्तमंदिरात झाडलोट करायची. तिथे दर गुरुवारी संध्याकाळी सहाला एक नवीन सर प्रवचन करतात, खूप लोक येतात, असं ती सांगत होती.

"बायको गेली त्यांची, करोनात. दोन वर्षं बोलायचे नाहीत, जेवायचे नाहीत म्हणे. अन् आता बघा. कसं तोंडावर तेज आलंय. मला तर ऐकून रडू येतंय बाई. गुंजोटीकर सर म्हणतात त्यांना."

भामाबाईंच्या हातातलं निवडायचं ताट तसंच राहिलं. "काय सांगतात?"

"सांगतात की, मी सगळं त्याच्या पायावर ठेवलं. आता माझ्यावर ओझं नाही. रात्री गाढ झोप लागते."

गंगू गेल्यावर भामाबाई बराच वेळ देवघरापुढे उभ्या होत्या. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती सगळी गुंजोटीकरवर नव्हती. अकरा वर्षं ज्याच्या दारात रोज उभं राहून एकच गोष्ट मागितली, त्याच्या घरातून त्या माणसाला झोप मिळाली होती. देव तोच. नाव दत्त असो नाहीतर नरसिंह. गल्लीच्या टोकाला दत्त म्हणून जो बसला होता त्यानं मधुकररावांच्या खुन्याला मांडीवर घेतलं होतं. भामाबाईंनी त्या दिवशी ठरवलं, की ज्यानं हे दिलं त्याच्याकडून ते काढून घ्यायचं. पोट फाडायला देव आला नाही, तर निदान झोप तरी आपण मोडू.

पुढच्या गुरुवारी त्या दत्तमंदिरात गेल्या. बरोबर शॉर्टहँडची वही आणि चार टोक काढलेल्या पेन्सिली. पहिल्या रांगेत बसल्या. गुंजोटीकर आले. केस पिकलेले, अंगात पांढरा सदरा, चेहरा खरोखरच निवळलेला. त्यांनी ओळखलं. क्षणभर पाय अडखळला, मग हात जोडून म्हणाले, "वहिनी, आलात. फार बरं वाटलं."

"तुम्ही बोला," भामाबाई म्हणाल्या. "मी लिहून घेते."

ते बोलले. आवाज गोड होता. शरणागती, विसरणं, क्षमा. भामाबाईंची पेन्सिल थांबली नाही. ते बोलायचे तशी ती चालायची, ते श्वास घ्यायला थांबले की तीही थांबायची. सभामंडपात बाकी कुणाला ऐकू जात नसेल, पण समोर बसलेल्या माणसाला कागदावरची खरखर नीट ऐकू येत होती. दुसऱ्या गुरुवारीही तसंच. तिसऱ्या गुरुवारी गुंजोटीकर नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधीच संपवून उठले.

चौथ्या गुरुवारी प्रश्नोत्तरांच्या वेळी भामाबाईंनी हात वर केला.

"माणसानं पाप केलं आणि देवापुढे कबूल केलं, तर ते फिटतं का?"

"फिटतं, वहिनी. मनापासून केलं तर."

"ज्याच्याविरुद्ध केलं त्याच्यापुढे नाही केलं तरी?"

गुंजोटीकरांनी दत्ताच्या मूर्तीकडे हात केला. "देव सगळ्यांच्यात आहे. त्याला सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं."

"मग ज्याचं नुकसान झालं त्याला निरोप कधी पोचतो?"

लोक हसले. त्यांना वाटलं, बाई हुशार आहेत. गुंजोटीकर हसले नाहीत.

त्यानंतर प्रत्येक गुरुवारी एक प्रश्न. भामाबाईंनी चांगले वकील उलटतपासणी घेताना पाहिले होते. ते कधी ओरडत नाहीत. ते लांबून सुरुवात करतात आणि दर वेळी एक पाऊल आत येतात. गुंजोटीकरांचा मुलगा त्या वर्षी दहावीला होता, एवढं त्यांना आठवत होतं; एका गुरुवारी त्यांनी विचारलं, स्वतःच्या मुलासाठी केलेलं पाप हलकं असतं का. एका गुरुवारी, खोटी साक्ष कोणत्या पापात धरतात. एका गुरुवारी त्यांनी हात वर केला आणि फक्त म्हणाल्या, "निळा रंग कशाचं प्रतीक आहे, सर?" गुंजोटीकरांनी पाण्याचा पेला उचलला तेव्हा पाणी सदऱ्यावर सांडलं.

भजनी मंडळाचे अध्यक्ष विजयराव त्यांच्याकडे आले. विजयराव शाळेच्या त्या चौकशी समितीतही होते. गल्लीतल्या सगळ्याच गोष्टींत ते असत. ते म्हणाले, "भामावहिनी, सरांना त्रास होतोय. त्यांची तब्येत नाजूक आहे. जुनं उकरून काय मिळणार?"

"मी प्रवचन ऐकते. उकरत नाही."

"थोडे दिवस येऊ नका."

"देवळाला दार आहे. ते सहाला उघडतं. तुम्ही बंद ठेवणार असाल तर सांगा, मी बाहेर पायरीवर बसून लिहीन."

विजयराव निघून गेले.

अश्विनीला हे कळलं ते वरुणकडून. ती एका दुपारी मुद्दाम आली. चहा ठेवला तरी तिने कप हातात घेतला नाही. "आई, मी त्या माणसाची बाजू घेत नाही. पण तुम्ही काय करताय ते तुम्हाला कळतंय ना? तो एकदा पार खाली गेला होता. त्याला वर धरून ठेवलंय ते फक्त त्या देवळानं. ते काढलंत तर तो कोसळेल."

"कळतंय."

"आणि तरी?"

"माझा कोसळला तेव्हा त्याच्याखाली कुणी देऊळ ठेवलं नव्हतं," भामाबाई म्हणाल्या. "तू म्हणालीस ना, श्रद्धा म्हणजे आधार. बरोबर आहे तुझं. त्याच्याबाबतीत शंभर टक्के बरोबर आहे. म्हणूनच मला नेमकं कळलं, कुठं हात घालायचा."

अश्विनीनं गार झालेला चहाचा कप आत नेऊन ठेवला. आपल्याच शिकवणीचा असा उपयोग झालेला तिने पहिल्यांदाच पाहिला असावा.

दिवाळीनंतर हर्षदा आली. गुंजोटीकरांची मुलगी. तिचा मोठा भाऊ मंदार परदेशात. वडिलांना तीच बघायची. दारातच तिचे डोळे भरले. "काकू, बाबांनी परत जेवण सोडलंय. देवापुढे बसतात आणि उठून येतात. म्हणतात, डोळे मिटले की पेन्सिलीचा आवाज येतो. मी तुमच्या पाया पडते."

"पडू नको," भामाबाई म्हणाल्या. "तू काही केलेलं नाहीस. त्यांना पाठव."

तिला पाणी दिलं, दारापर्यंत सोडलं. आणि मग भामाबाई स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवशी त्यांनी वरणभात दोनदा वाढून घेतला, लोणच्यासकट. मधुकरराव गेल्यापासून जेवणाला अशी चव आली नव्हती. आपल्याला आनंद होतोय हे त्यांना कळत होतं, आणि त्याची लाज वाटत नव्हती.

दोन दिवसांनी सकाळी दहाच्या सुमाराला गुंजोटीकर आले. रिक्षातून उतरताना रिक्षावाल्यानं त्यांना हात दिला, "आहिस्ता उतरो चाचा," म्हणाला. महिन्याभरात माणूस अर्धा झाला होता. पुढच्या खोलीत मधुकररावांचा फोटो होता. त्याच्या समोरची खुर्ची भामाबाईंनी मुद्दाम मोकळी ठेवली होती.

"वहिनी," ते म्हणाले, "मंदार गणितात कच्चा होता. दुसऱ्या शाळेत होता, पण पेपर तोच. मला वाटलं, चार गणितं बघून ठेवावीत. किल्ली माझ्याकडे होती त्या आठवड्यात. मी पाकीट उघडलं. मंदारनं मित्राला सांगितलं, त्यानं ट्यूशनमध्ये. मग मला भीती वाटली. मुलाचं नाव येईल वाटलं."

"हेडमास्तरकी?"

"ती नंतर मिळाली. मी नाही म्हणालो नाही."

"ह्यांचंच नाव का घेतलंत?"

गुंजोटीकरांनी समोरच्या फोटोकडे पाहिलं. "ते भांडणार नाहीत, माहीत होतं."

भामाबाईंनी हे लिहून घेतलं नाही. लिहायची गरज नव्हती. हे वाक्य त्यांच्या कानात मरेपर्यंत राहणार होतं.

"मी देवापुढे रोज कबूल केलंय, वहिनी. रडून केलंय."

"देवाला माहीतच होतं," भामाबाई म्हणाल्या. "ज्याला माहीत आहे त्याला सांगण्यात काय मर्दुमकी? ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. येत्या गुरुवारी. माइकवरून."

"माझ्याकडे तेवढंच उरलंय. ती जागा गेली की माझ्याकडे काही नाही."

"हौ. म्हणूनच तिथं."

त्यांनी कागद पुढे केला. "तुमच्या हातानं लिहा." गुंजोटीकर लिहायला लागले. 'माझ्याकडून चूक झाली' असं त्यांनी लिहिलं तेव्हा भामाबाईंनी बोट ठेवलं. "खोडा. चूक गणितात होते. इथं 'खोटं' लिहा." त्यांनी खोडलं. पुढे 'मधुकररावांना त्रास झाला' असं लिहिलं. "त्रास मच्छराचा होतो. काय झालं ते लिहा." पाऊण तास लागला. खाली सही केली. भामाबाईंनी कागद वाचला, घडी घालून परत त्यांच्याच हातात दिला. त्यांनी तो वाचेपर्यंत सांभाळावा, रोज खिशात चाचपावा, अशी त्यांची इच्छा होती.

गुरुवारी मंडप भरला होता. गुंजोटीकर खुर्चीवर बसले नाहीत. उभ्याने, माइक एका हातात धरून त्यांनी वाचलं. पेपर मी उघडला. समितीपुढे मी खोटं बोललो. निळा स्वेटर मी पाहिला नव्हता. मधुकर नळदुर्गकर निर्दोष होते, आणि हे मला माहीत असताना मी त्यांना मरू दिलं.

भामाबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांना वाटलं होतं, आता लोक उठतील, तोंडं फिरवतील, कुणी थुंकेल. कोणी उठलं नाही. मागच्या रांगेत एक बाई हुंदका देऊन रडायला लागली. मग विजयराव पुढे आले, गुंजोटीकरांच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "असं धैर्य लाखात एकाला असतं. हीच खरी भक्ती. आज सरांनी आपल्याला जिवंत प्रवचन दिलं." लोक रांग लावून गुंजोटीकरांच्या पाया पडायला लागले.

भामाबाईंनी हे अजिबात धरलेलं नव्हतं. ज्या कागदानं तो माणूस उघडा पडायचा, त्याच कागदाची लोकांनी त्याच्या अंगावर शाल घातली होती. त्यांना स्वतःच्या मूर्खपणाची चीड आली. मग त्या उठल्या.

"त्यांच्या पाया पडू नका," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण कोर्टात शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला होता. रांग थांबली. "विजयराव, माइक बंद करू नका. तुम्ही समितीत होता. मी तुम्हाला स्वेटरबद्दल चिठ्ठी पाठवली होती. मिळाली होती?"

"वहिनी, इतक्या वर्षांचं आता..."

"मिळाली होती का?"

विजयरावांनी इकडेतिकडे पाहिलं. "मिळाली होती."

"वाचलीत?"

"वाचली."

"मग काय केलंत?"

विजयरावांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. माइक चालूच होता, त्यात त्यांचा श्वास ऐकू येत होता.

भामाबाई लोकांकडे वळल्या. "तुमच्यातले निम्मे लोक आमच्या गल्लीतले. मधुकर गेले तेव्हा खांदा द्यायला चौथा माणूस मिळेना. वरुणनं कॉलेजातला मित्र बोलावला. तेव्हा तुम्हाला ह्यांचं खोटं खरं वाटलं होतं, आणि आज ह्यांचं खरं ऐकून तुम्ही ह्यांच्याच पाया पडताय. मधुकरांच्या पाया पडायला कोण येणार?"

जी बाई रडत होती तिनं पदर तोंडावरून खाली घेतला. रांगेतले लोक एकेक करून आपापल्या जागी गेले, आणि काही जण चपला घालून बाहेर पडले. गुंजोटीकर एकटे उभे होते. त्यांनी दत्ताच्या मूर्तीकडे एकदा पाहिलं, हात जोडायला उचलले आणि खाली सोडले. मग हर्षदा त्यांना धरून घेऊन गेली.

त्यानंतर ते त्या देवळात आले नाहीत. गुरुवारचं प्रवचन बंद पडलं. विजयरावांनी अध्यक्षपद सोडलं, पण त्याआधी शाळेच्या नवीन व्यवस्थापनाकडे दोन खेपा घातल्या. महिन्याभरात पत्र आलं, की मधुकर नळदुर्गकर यांच्यावरील आरोप निराधार होते. भामाबाईंनी ते उभ्याने वाचलं. नावात एक काना चुकला होता. त्यांनी पत्र परत पाठवलं आणि दुरुस्त करून मागवलं. दुसरं बरोबर आलं, ते वरुणनं लॅमिनेट करून घेतलं. आबिड्सला झालेल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ते वाचून दाखवलं गेलं. चाळिशीला आलेले पुरुष डोळे पुसत होते. भामाबाईंनी त्यांच्यातल्या एकालाही क्षमा केली नाही, पण चहा घेतला.

फेब्रुवारीत हर्षदाचा फोन आला. बाबा कुकटपल्लीला माझ्याकडे आहेत. काही बोलत नाहीत. देवघराकडे पाठ करून बसतात. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. एकदा या, काकू. एकदा म्हणा, की माफ केलं. म्हणजे ते परत देवापुढे बसतील.

भामाबाई गेल्या. गुंजोटीकर गॅलरीत खुर्चीवर बसले होते, दाढी वाढलेली. त्यांनी ओळखलं. हर्षदा आत गेली.

"वहिनी, मी वाचलं," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलं तसं."

"वाचलंत."

"तरी माझ्या हाती काही लागत नाही आता. हात जोडले की समोर कुणी नाही असं वाटतं. तुम्ही एकदा म्हणालात तर..."

भामाबाईंनी खरंच प्रयत्न करून पाहिला. वयस्कर, मोडलेला माणूस, दोन शब्दांचं काम. जीभ उचलत होती. पण त्या शब्दांच्या आधी दरवेळी तोच आवाज यायचा, ते भांडणार नाहीत, माहीत होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझ्यात नाही ते. खोटं म्हटलं तर तुमच्यासारखं होईल."

गुंजोटीकरांनी मान हलवली. रडले नाहीत. म्हणाले, "जेवून जा." भामाबाई जेवल्या नाहीत.

अश्विनीचं घर जवळच होतं. तिथे गेल्या. अश्विनीनं काही विचारलं नाही, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. भामाबाईंनीच सांगितलं सगळं. मग म्हणाल्या, "तुझं खरं निघालं. त्याचा देव आधार होता. मी काढला, तो पडला."

"बरं वाटतंय का तुम्हाला?"

"नाही. पण झालं."

"आणि तुमचा देव? त्याला आता काय सांगता रोज?"

"ते वाक्य बंद केलं. त्याचा उपयोग संपला." भामाबाईंनी तांब्यावरचं फुलपात्र उचललं आणि परत ठेवलं. "पण त्याच्याशी माझं वेगळं आहे. ह्या माणसाला त्यानं गाढ झोप दिली. माझा नवरा दोन वर्षं जागा होता. ह्याचं उत्तर त्यानं दिलेलं नाही. मी विचारते रोज."

"म्हणजे विश्वास आहे अजून तुमचा."

"नसता तर भांडले असते कुणाशी?"

अश्विनीनं रिकामं फुलपात्र भरून पुढे केलं. तिच्याकडे येणाऱ्या माणसांत असं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भामाबाईंनी नेहमीसारखा दिवा लावला. गंगू भांडी घासून पदराला हात पुसत देवघरापाशी आली.

"बाई, गूळ ठेवायचा राहिला देवाला."

"राहिला नाही. ठेवला नाही."

"उपास हाय काय त्याचा?"

"घडू दे त्याला," भामाबाई म्हणाल्या, आणि गंगूच्या चहात साखर घालायला आत गेल्या.